हजारात एखादं?

‘असलं मूल हजारात एखादं असतं हो!’ हैदराबादेत, आपल्या काचीगुड्याच्या मराठी मंडळींतही, मतिमंद मुलाविषयी हे वाक्य अशा खात्रीनं ऐकवलं जातं, जणू बोलणाऱ्यानं घरोघर फिरून डोकी मोजलीत.

मोजली होती सरकारनं. २०११ च्या जनगणनेत देशभरात १५ लाख मतिमंद नोंदले गेले, म्हणजे खरोखरच हजारी एकाच्या आसपास. पण मोजली कशी? प्रगणक दारात उभा राहून विचारतो, ‘घरात कुणी अपंग?’ ज्या घरात मुलीचं लग्न ठरायचंय, तिथून काय उत्तर येणार? लपवाछपवी सोडा, सौम्य अक्षमता घरच्यांनाही उमगत नाही. ‘त्याचा बापही उशिराच बोलला,’ म्हणून आजी विषय मिटवते. तिसरीत गेलेल्या पोराला वाण्याकडून दहाच्या नोटेची मोड मोजून आणता येत नाही, तेव्हा त्याला ‘आळशी’ म्हणतात.

मुलांनाच तपासलं की चित्र पालटतं. इन्क्लेन या संस्थेच्या संशोधकांनी हैदराबाद आणि उत्तर गोव्यासह पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांची ३,९६४ मुलं तपासली. २०१८ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार ६ ते ९ वयोगटात साडेतेरा टक्क्यांच्या आसपास मुलांत मेंदूच्या वाढीशी निगडित काही ना काही अडचण होती. घाबरू नका, ही सगळी मतिमंद नव्हेत. त्यात बहिरेपण, फिट्स, स्वमग्नताही आली. पण सर्वाधिक आढळलेल्या दोन अडचणींत बौद्धिक अक्षमता होतीच. मौलिक या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात मुलांमधलं प्रमाण हजारी १८ निघालं. हजार पोरांच्या शाळेनं ‘आमच्याकडे एकही नाही’ म्हणावं, म्हणजे कमालच.

बाकीचे समज किरकोळ, पण चिवट. बौद्धिक अक्षमता म्हणजे वेडेपणा नव्हे. त्याच जनगणनेतही मानसिक आजाराचा रकाना वेगळा होता. ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही. मामाच्या मुलीशी लग्न केल्यानं काही आनुवंशिक दोषांचा धोका वाढतो, पण तेवढंच कारण नव्हे: बाळंतपणात बाळ गुदमरणं, अपुऱ्या दिवसांचा जन्म, मेंदूज्वर हीही कारणं आहेतच. नुसत्या बुद्ध्यंकावरही शिक्का मारत नाहीत. जेवण, कपडे, व्यवहार किती जमतात तेही पाहतात. ‘लग्न करून द्या, सुधारेल’ म्हणणाऱ्यांपुढे तर हात टेकले.

‘मोठेपणी येईल अक्कल’ म्हणून थांबणं मात्र महागात पडतं. जन्मजात थायरॉइडची कमतरता टाचेतल्या थेंबभर रक्तावरून कळते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर बहुतेक मुलांची बुद्धी नीट वाढते. इतरांच्या तपासणीसाठी आणि प्रशिक्षणासाठी सिकंदराबादेत बोवेनपल्लीला केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था १९८४ पासून आहे.