जामीन मंजूर, तरी सुटका नाही



जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस घरी आला, असे आपल्याला वाटते. पाड्यांवरील कुटुंबांना भेटताना मला वेगळेच दिसते. न्यायालय रोख रक्कम किंवा जामीनदार मागते. जामीनदाराकडे सातबारा, ऐपतीचा दाखला हवा. पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणाऱ्याने तो कोठून आणावा? गुन्हा शाबीत झालेला नसतानाही तो आतच राहतो. इकडे मजुरी बुडते, पेरणी राहते, भेटीला जाण्याच्या एसटी भाड्यासाठी उसनवारी होते.

१९७८ मध्ये मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दहा हजारांच्या जामिनाऐवजी एक हजाराच्या जातमुचलक्यावर सुटकेचा आदेश दिला. ३१ जानेवारी २०२३ रोजी त्याच न्यायालयाने सांगितले, की महिनाभरात जामीनदार न मिळाल्यास न्यायालय अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अनुसूचित जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील देते. पण हे घरच्यांना ठाऊक नसते.

बंदिवानाची भेट प्रभूने स्वतःची भेट मानली (मत्तय २५). असे कुटुंब आढळल्यास प्रार्थना करा, आणि खटल्याचा क्रमांक घेऊन त्यांच्यासोबत प्राधिकरणाच्या कार्यालयात जा.