सायकलवरून खिद्रापूर : वाटेत काय बघायचं, देवळात काय वाचायचं

शिरोळ तालुक्यातले बरेच जण खिद्रापूरला गाडीनं जाऊन येतात. दर्शन, चार फोटो, की परत. एकदा सायकलनं जाऊन बघा. जयसिंगपुरातून शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड करत साधारण ३० किलोमीटर. घाट नाही, चढ नावाला. गिअरची सायकल लागत नाही, घरातली चालते. हवा, ब्रेक बघून पहाटे निघा. वाडीची बासुंदी मात्र परतताना खा, आधी खाल्ली की पाय चालत नाहीत.

सायकलवर एक गोष्ट ध्यानात येते, जी गाडीत येत नाही. दोन्ही बाजूंना काळी माती, ऊस आणि मळी. डोंगर नाही, दगडाची खाण नाही. आणि रस्ता संपतो तिथं कृष्णेकाठी अख्खं काळ्या दगडाचं कोपेश्वर मंदिर. बाराव्या शतकात शिलाहारांच्या काळात एवढा दगड लांबून इथं आणला, घडवला.

त्याला पैसा कुठून आला? याचं थोडं उत्तर देवळाच्या भिंतीवरच्या शिलालेखात आहे. शिलाहारांचं राज्य जिंकणाऱ्या सिंघण यादवाचा हा लेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. देवाच्या पूजेअर्चेसाठी कूडलदामवाड गाव दिल्याचं त्यात आहे. कूडलदामवाड म्हणजे आपलं कुरुंदवाड. तासाभरापूर्वी आपण ज्या गावात चहा प्यायलो, तिथल्या शेतकऱ्यांच्या घामावर इथला दिवा जळत होता. त्यांची नावं कुठं कोरलेली नाहीत.

आत शिरताना पहिला स्वर्गमंडप. ४८ खांब आणि मधोमध छताला सुमारे १३ फुटांचं गोल मोकळं तोंड, खाली तेवढाच गोल दगड. दिवाळीनंतर दुपारी गेलात तर उन्हाचा गोल त्या दगडावर सापडणार नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, त्यामुळं ऊन उत्तरेकडच्या खांबांकडं सरकतं. पौर्णिमेचा चंद्र याच्या उलट वागतो, हिवाळ्यात तो डोक्यावर चढतो. म्हणून त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्री लोक इथं वर बघत बसतात.

नंदी शोधू नका. देवळात नंदी नाही. तो नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे असं लोक सांगतात. बाहेरून फिरताना खाली हत्तींची रांग दिसेल. कितीतरी सोंडा तुटलेल्या आहेत. मूर्तींना तेल, कुंकू लावू नका, हत्तीवर पोरांना बसवून फोटो काढू नका. २०१९ च्या महापुराचं पाणी सोसलेला दगड आहे हा, आणखी त्रास आपण द्यायला नको. जवळच जुनी जैन बसदी आहे, तीही बघा.

ऊन खाली यायच्या आत परत फिरा. हंगामात उसाच्या जोड ट्रॉल्या रस्त्यावर असतात, मागचा दिवा नसलेल्याही. सायकलला लाल रिफ्लेक्टर आणि पिशवीत पंक्चरचं सामान असू द्या, बांधावरच्या बाभळीचे काटे रस्त्यावर येतात.