हरवलेली डिजिटल वही आणि संगणकातली तिची प्रत

वननोटसारखी डिजिटल वही एकाच वेळी दोन जागी असते. मूळ वही वनड्राइव्हवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात; तिची प्रत वापरणाऱ्याच्या संगणकात. या प्रतीला कॅशे म्हणतात. लिहिलेले आधी कॅशेत उतरते आणि नेटवर्क मिळाले की वर जाते.

अशी वही किती मोलाची असू शकते, याचे एक उदाहरण पाहू. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बाईने घरोघर जाऊन गरोदर बायांची, तान्ह्या मुलांची विचारपूस करायची, ही रीत त्यातून रुजली. अशा घरभेटींची टिपणे आज लॅपटॉपवरच्या वहीत असली आणि ती वही चुकून पुसली गेली, तर कित्येक महिन्यांच्या फेऱ्या वाया जातात. रेंज नसलेल्या वाडीवर लिहिलेले पान तर फक्त कॅशेतच असते.

वही दिसेनाशी झाली की पहिले काम एकच: त्या संगणकाचे इंटरनेट बंद करणे. जोडणी चालू राहिली, तर वर पुसले गेलेले खालच्या प्रतीतूनही पुसले जाते. घाबरून प्रोग्राम काढून पुन्हा टाकणे हा सर्वांत घातक उपाय, कारण त्यात कॅशेच जाण्याचा धोका असतो.

मग दुसऱ्या संगणकावरून कचरापेट्या पाहाव्यात. वननोट पुसलेली पाने 60 दिवस ठेवते. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात पुसलेल्या फाइली 30 दिवस राहतात. तिथे काही नसेल, तर आपल्या विंडोज संगणकातले ॲपडेटा हे लपवलेले फोल्डर उघडावे. त्यात लोकल, मायक्रोसॉफ्ट, वननोट, 16.0 अशा वाटेने गेल्यावर कॅशे आणि बॅकअप सापडतात. दोन्हींची नक्कल आधी पेनड्राइव्हवर घ्यावी. कॅशेतल्या फाइली तुकड्यातुकड्यांच्या असतात, हाताने वाचता येत नाहीत. म्हणून नेट बंद ठेवूनच वननोट उघडावे आणि दिसतील ती पाने नव्या, संगणकातच ठेवलेल्या वहीत उतरवून घ्यावीत. वर जाऊ न शकलेले विभाग कधी ‘मिसप्लेस्ड सेक्शन्स’ या नावाखाली सापडतात. बॅकअपच्या फाइली मात्र ‘ओपन बॅकअप्स’मधून थेट उघडतात.

मोबाइलवर ही सोय जवळजवळ नाही. तिथे ॲपचा डेटा पुसला की प्रतही जाते.

कॅशे म्हणजे बॅकअप नव्हे. महत्त्वाची वही दर महिन्याला निर्यात करून वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी.