इंग्रजींतील 'टु' आणि मराठींतील 'जावयास'

सुटी जवळ आली कीं आमच्याकडे रजेचे इंग्रजी अर्ज येऊं लागतात. त्यांतील एकांत लिहिलेलें असतें, 'प्लीज लेट मी टु गो टु माय व्हिलेज', आणि त्याच्याच खालच्या अर्जांत, 'प्लीज अलाउ मी गो टु माय व्हिलेज'. पहिल्यांत एक 'टु' जास्त झाला, दुसऱ्यांत एक कमी पडला. पहिल्या विद्यार्थ्यानें आपला जादा 'टु' दुसऱ्यास उसना दिला असता तर दोन्ही अर्ज शुद्ध झाले असते!

हा विनोद झाला. परंतु अशाच एका चुकीचा प्रसंग आमच्या चांगला स्मरणांत आहे. एका पालकांनीं वसतिगृहाच्या व्यवस्थापकांस इंग्रजींत पत्र धाडलें, 'आय वॉन्ट टु स्टे इन द बोर्डिंग टिल मंडे.' त्यांस म्हणावयाचें होतें कीं, मुलानें सोमवारपर्यंत वसतिगृहांतच राहावें. लिहिलें गेलें तें असें कीं, 'मला स्वतःला सोमवारपर्यंत तेथें राहावयाचें आहे.' व्यवस्थापकांनीं पाहुण्याकरितां खाट काढून ठेविली आणि मुलास नेहमींप्रमाणें शनिवारीं घरीं पाठवून दिलें. घराला कुलूप होतें. घरचीं सर्व माणसें लग्नास परगांवीं गेलेलीं. त्या दहा वर्षांच्या मुलानें दोन रात्री शेजाऱ्यांच्या ओटीवर काढल्या. पत्रांत उणा होता तो एकच शब्द: 'हिम'.

तो शब्द गळण्याचें कारण केवळ विसरभोळेपणा नव्हे. 'मला जावयाचें आहे' आणि 'त्यानें जावें असें मला वाटतें' हीं मराठी वाक्यें शेजारीं ठेवून पाहावीं. पहिल्यांत इच्छा करणारा आणि जाणारा एकच आहे. दुसऱ्यांत ते दोघे निराळे आहेत, म्हणून मराठी माणूस वाक्याचे दोन तुकडे करतो आणि 'असें' हा शब्द मध्यें घालून ते सांधतो. संस्कृताचीही हीच रीत. पाणिनीनें इच्छार्थक क्रियापदांबरोबर 'गन्तुम्' यासारखें तुमन्त रूप सांगितलें, तें दोन्ही क्रियांचा कर्ता एक असेल तेव्हां. कर्ता बदलला कीं 'त्यानें जावें' या अर्थाचें विध्यर्थी किंवा आज्ञार्थी रूप योजावयाचें. इंग्रजी मात्र येथें आपली वाट सोडते. तिला दोन्ही प्रसंगीं एकच सांचा पुरतो. 'आय वॉन्ट टु गो' म्हटलें तर मी जाणार. 'आय वॉन्ट हिम टु गो' म्हटलें तर तो जाणार. सारा फरक मधल्या एवढ्याशा सर्वनामावर अवलंबून!

या सर्वनामास दोन धन्यांची चाकरी करावी लागते. तें 'वॉन्ट'चें कर्म असतें आणि 'गो'चा कर्ताही असतें. परंतु रूप मात्र पहिल्या धन्याच्या हुकुमाप्रमाणें घ्यावयाचें, म्हणजे कर्माचें. म्हणून 'ही' नव्हे, 'हिम'. 'शी' नव्हे, 'हर'. 'दे' नव्हे, 'देम'. आमचे विद्यार्थी 'आय वॉन्ट ही टु गो' लिहितात, कारण त्यांच्या मनांत 'तो जावा' हें वाक्य घोळत असतें. दुसरे कित्येक 'आय वॉन्ट दॅट ही शुड गो' असें लिहितात. तें तर इंग्रजी अंगरखा घातलेलें निव्वळ मराठी वाक्य होय. १८०५ सालीं विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण श्रीरामपूर येथें इंग्रजींत छापून निघालें. तें घेऊन मराठी शिकूं पाहणाऱ्या तरुण साहेबांस हाच डोंगर पलीकडच्या बाजूनें चढावा लागला असला पाहिजे.

आतां अर्जांतील 'टु'कडे वळूं. 'गो' या नुसत्या धातूच्या मागें हा 'टु' कोठून आला? हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत अशा रूपाच्या शेवटीं 'अन्' हा प्रत्यय असे, आणि तें रूप एकटेंच चाले. 'कडे, साठीं' या अर्थाचा 'टु' पुढें उभा राहिला म्हणजे मात्र तें 'एन्ने' किंवा 'अन्ने' असा शेवट घेई, व हा शेवट चतुर्थी विभक्तीच्या धर्तीचा होता. पुढें काळाच्या ओघांत दोन्ही शेवट झिजून गेले आणि धातु उघडा पडला. 'टु' तेवढा खूण म्हणून उरला. परंतु जेथें तो मुळींच नव्हता, तेथें तो बहुधा आजही येत नाहीं.

हें ऐकून विद्यार्थ्यांनीं घाबरूं नये. आपल्या घरींही हाच प्रकार आहे. 'त्याला जाऊं द्या' यांत 'जाऊं' हें रूप प्रत्ययावांचून उभें आहे. 'त्याला जावयास सांगा' यांत मात्र शेवटचा 'स' हा चतुर्थीचाच प्रत्यय. बोलतांना आपण 'जायला' म्हणतों, त्यांतील 'ला'ही तोच. आतां इंग्रजी पाहा: 'लेट हिम गो' आणि 'टेल हिम टु गो'. 'देणें'च्या मागें 'जाऊं', तसा 'लेट'च्या पुढें उघडा धातु. 'सांगणें'च्या मागें 'जावयास', तसा 'टेल'च्या पुढें 'टु'सह धातु. आमच्या मतें 'लेट'ची चूक सुधारण्यास याहून सोपी युक्ति नाहीं: 'त्याला जावयास द्या' असें कानाला जितकें खटकतें, तितकेंच 'लेट हिम टु गो' हें इंग्रजाच्या कानाला खटकतें.

ही युक्ति सर्वत्र लागू पडते असें मात्र नाहीं. 'अलाउ'चा अर्थ 'लेट'सारखाच, पण त्यास 'टु' हवा. 'मेक'चें मराठी 'जावयास लावणें', तरी इंग्रजींत 'मेक हिम गो' असा उघडा धातुच येतो. 'सी' आणि 'हिअर' यांपुढेंही तोच. तेथें मराठी 'जातांना पाहिलें', 'गातांना ऐकलें' असें तिसरेंच रूप घेते. 'हेल्प' दोन्ही घरचा पाहुणा आहे. आणि गंमत अशी कीं, 'मेक'चें वाक्य कर्मणि केलें कीं हरवलेला 'टु' परत येतो. 'द टीचर मेड हिम स्टँड ऑन द बेंच', परंतु 'ही वॉज मेड टु स्टँड ऑन द बेंच'. हें दुसरें वाक्य आमच्या कित्येक वाचकांनीं अनुभवानें पाठ केलें असेल.

'से', 'सजेस्ट' आणि 'होप' या तिघांपुढें 'हिम टु गो' ही रचना मुळींच चालत नाहीं. 'ही सेड मी टु सिट' ही आमच्या वर्गांतील फार जुनी रहिवासी आहे. तेथें 'टोल्ड' पाहिजे.

'प्रॉमिस'ची तऱ्हा याहून न्यारी. 'आय टोल्ड हिम टु गो टु द स्टेशन' यांत स्टेशनावर जाणारा तो. 'आय प्रॉमिस्ड हिम टु गो टु द स्टेशन' यांत जाणारा मी! शब्दांची मांडणी तीच, तरी माणूस बदलला. याच वाक्यांत दोन 'टु' आले आहेत, तेही ओळखून ठेवावे. 'गो'च्या आधींचा धातूची खूण आहे. 'द स्टेशन'च्या आधींचा शब्दयोगी अव्यय असून त्याच्या पुढें नाम येतें. 'आय लुक फॉरवर्ड टु सीइंग यू' यांतील 'टु' या दुसऱ्या जातीचा, म्हणून तेथें 'टु सी' लिहितां येत नाहीं.

धातूनंतर येणारीं 'इन द बोर्डिंग', 'ऑन मंडे' अशीं पदें कोठें ठेवावीं याचाही विचार पाहिजे. 'आय टोल्ड हिम ऑन मंडे टु कम' म्हणजे सांगणें सोमवारचें. 'आय टोल्ड हिम टु कम ऑन मंडे' म्हटलें कीं वाचणारा येणें सोमवारचें समजणार. ज्या क्रियेचा वार सांगावयाचा तिच्या अगदीं लगत तो वार ठेवावा, म्हणजे कोणी भलत्या दिवशीं दाराशीं येऊन उभें राहत नाहीं.

शेवटीं एक बारीकशी गोष्ट. 'लिहावयास कांहीं तरी द्या' असें मराठींत म्हटलें तर कागद मागितला कीं लेखणी, हें प्रसंगावरून ताडावें लागतें. इंग्रजींत 'गिव्ह मी समथिंग टु राइट ऑन' म्हणजे कागद आणि 'समथिंग टु राइट विथ' म्हणजे लेखणी. मराठींत हा भेद दाखविणारें अव्यय नसल्यामुळें आमचे विद्यार्थी शेवटचा शब्द हटकून गाळतात आणि 'गिव्ह मी समथिंग टु राइट' एवढेंच म्हणून थांबतात. परीक्षेच्या दालनांत एखाद्या इंग्रज परीक्षकापुढें असें म्हटलें, तर ते बिचारे कागदही देणार नाहींत, लेखणीही देणार नाहींत. लिहावयाचा मजकूर मागितला असें समजून नकारार्थी मान हलवितील.