आत्ता घेऊ की थांबू? चाकणच्या मोबाइल खरेदीचा मागोवा

चाकणच्या कारखानपट्ट्यात ‘मोबाइल आत्ता घेऊ की थांबू’ हा प्रश्न नवरात्राच्या सुमारास जोर धरतो, कारण तोवर बोनसचा आकडा फुटलेला असतो. नेमक्या त्याच दिवसांत नव्या मॉडेलांच्या जाहिराती सुरू होतात. मग म्हाळुंग्याच्या रूमवर, कुरुळीच्या टपरीवर, कंपनीच्या बसमध्ये एकच चर्चा: हा घेतला आणि महिन्याभरात त्याच पैशात भारी आला तर?

चाकण ज्या खेड तालुक्यात येतं, त्याला असला खल नवा नाही. चाकणच्या बाजारात येणारा कांदा आज विकावा की चाळीत ठेवावा, यावर इथल्या पिढ्यांनी रात्री घालवल्या आहेत. पण चाळीतला कांदा सडतो. न घेतलेला मोबाइल मात्र कितीतरी वर्षं सडत तर नव्हताच, उलट वाढत होता. थांबलेल्या माणसाला त्याच पैशात मोठा डिस्प्ले, दुप्पट स्टोरेज मिळायचं. ‘थांबलेलं बरं’ ही समजूत त्या वर्षांत पक्की झाली.

त्या काळाची सुरुवात २०१४ ची धरावी. जुलैमध्ये शाओमीचा एमआय ३ हा फोन १३,९९९ रुपयांना आला, सप्टेंबरमध्ये रेडमी १एस ५,९९९ ला. पण हे फोन दुकानात मिळायचे नाहीत. मंगळवारी दुपारी दोनला ऑनलाइन विक्री उघडायची आणि बघता बघता माल संपायचा. दोन वाजता फर्स्ट शिफ्टवाला लाइनवर आणि सेकंडवाला बसमध्ये. उरला नाइटवाला, तोही झोपमोड करून बसला तर. त्यामुळे चाकणच्या कामगाराला त्या वर्षी थांबायचं की नाही हे ठरवण्याचा मानच मिळाला नाही. पाळीच ते ठरवून मोकळी झाली.

थांबण्याचं खरं चीज झालं २०१६ मध्ये. त्या वर्षाच्या सुरुवातीला थ्रीजी फोन विकले जात होते आणि लोक ते हौसेने घेत होते. २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची ‘फ्रीडम २५१’ची घोषणाही त्याच फेब्रुवारीतली, त्या भरवशावर थांबलेल्यांबद्दल न बोललेलं बरं. ५ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, जिओ सुरू झालं. नेट फुकट, कॉल फुकट, पण फक्त फोरजीवर. सहा महिन्यांपूर्वी थ्रीजी हँडसेट घेतलेल्याच्या हातात फुकट सिम असून चालत नव्हतं, आणि जो जुनाच फोन रेटत राहिला होता त्याने नवा फोरजी उचलला. पुढे तर २०१९-२० मध्ये एअरटेलने आपलं थ्रीजी बंदच केलं.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. २०१६ मध्ये थांबलेला माणूस जिंकला तो नव्या प्रोसेसरमुळे नाही, कॅमेऱ्यामुळेही नाही. तो जिंकला कारण हवेतलं नेटवर्क बदललं. या दहा-बारा वर्षांत, माझ्या मते, वाट पाहणं इतकं फळलं ते त्या एकाच वेळी. पण लोकांनी धडा घेतला तो उलटा: नवं हार्डवेअर येतंय, थांबा.

त्या धड्याची किंमत २०२० मध्ये चुकवावी लागली. १ एप्रिलपासून मोबाइलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. तेव्हा लॉकडाउनमुळे कारखान्यांची गेटं बंद होती. जूनपासून शाळा मोबाइलवर आली. घरात फोन एक, मुलं दोन. ‘दिवाळीत बघू’ म्हणून ठेवलेला फोन आता लगेच हवा होता, आणि तोही वाढीव करासकट.

२०२१ चं वर्ष चाकणच्या दृष्टीने या मागोव्यातलं सगळ्यात बोलकं. जगभर सेमीकंडक्टरचा तुटवडा पडला. चिपांअभावी महिंद्राने सप्टेंबरमध्ये आपल्या मोटार कारखान्यांत सुमारे सात दिवस उत्पादन बंद ठेवण्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात, १० तारखेच्या गणेश चतुर्थीला, जिओफोन नेक्स्ट हा स्वस्त स्मार्टफोन येणार होता. तोही चिपांचं कारण देऊन दिवाळीवर गेला आणि ४ नोव्हेंबरला ६,४९९ रुपयांना आला. गाडीच्या आणि फोनच्या चिपा सगळ्या सारख्या नसतात. पण वीज नियंत्रित करणाऱ्या, डिस्प्ले चालवणाऱ्या छोट्या चिपा जुन्या तंत्रावर बनतात. टंचाई प्रामुख्याने अशाच जुन्या तंत्राच्या चिपांची होती. चाकणच्या लाइनवर उभ्या माणसाचा ओव्हरटाइम आणि त्याला हवा असलेला हँडसेट, दोन्ही एकाच कारणाने अडकले. ऑक्टोबरमध्ये इथेच बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० चं बुकिंग उघडलं, तर ५७ मिनिटांत २५ हजार गाड्या नोंदल्या गेल्या आणि काही मॉडेलांना वर्षाहून जास्त वाट पाहावी लागली. फोनसाठी माणूस आपणहून थांबत होता; गाडीसाठी त्याला थांबवलं जात होतं.

थांबणाऱ्यांइतकीच घाई करणाऱ्यांचीही फजिती झाली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये भारतात पहिले ५जी फोन विकायला आले. दुकानदार सांगायचा, ‘फ्युचरप्रूफ आहे, चार वर्षं बघायला नको.’ नेटवर्क सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला, पुण्यात जिओचं ५जी त्या नोव्हेंबरमध्ये. म्हणजे अडीच वर्षं ते ५जी खिशात निजून होतं, आणि तोवर बॅटरी उतरणीला लागली होती. त्यातही काही जुन्या फोनांत जिओच्या ७०० मेगाहर्ट्‌झचा बँडच नव्हता. आयफोन १२ वाल्यांना तर १३ डिसेंबर २०२२ ला आयओएस १६.२ येईपर्यंत ५जी दिसलं नाही, आणि हा फोन बाजारात येऊन तेव्हा दोन वर्षं उलटली होती. जे नेटवर्क अजून आलंच नाही त्याच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत, हा २०१६ च्या धड्याचाच दुसरा भाग.

मधल्या काळात हप्त्याने सगळं गणित हलवलं. आकुर्डीची बजाज फायनान्स मुळात दुचाकी-तीनचाकीला कर्ज देण्यासाठी निघालेली. पुढे मोबाइलही हप्त्यावर मिळू लागला. पंधरा हजार एकरकमी काढताना माणूस दहा वेळा विचार करतो, महिन्याला दीड हजार देताना एकदाच. पण कंत्राटी कामगाराला हप्त्याची मुदत आणि कंत्राटाची मुदत जुळवावी लागते. कामात ब्रेक मिळाला तरी हप्ता काही ब्रेक घेत नाही. नवा प्रोसेसर कधी येतो यापेक्षा हे वेळापत्रक चाकणमध्ये जास्त खरं आहे. आणि ज्या भारी कॅमेऱ्यासाठी पोरं महिनोन्‌महिने थांबतात, त्यावर कित्येक कंपन्यांच्या गेटवर रोज सकाळी स्टिकर चिकटतो!

२०२५ ने तर थांबणाऱ्यांना दोनदा चकवलं. १५ ऑगस्टला जीएसटी कपातीची घोषणा झाली आणि खरेदी थबकली. २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पल्सरसाठी थांबलेला फायद्यात राहिला. मोबाइल मात्र १८ टक्क्यांवरच राहिला. त्यापाठोपाठ मेमरी महागली. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन वळल्या आणि फोनच्या रॅमचे भाव चढले. ऑक्टोबरमध्ये चीनमध्ये रेडमी के९० महाग का, याचं कारण शाओमीने मेमरीच सांगितलं. पुढच्या वर्षी त्याच पैशात जास्त रॅम मिळेल, हे गृहीतच हलल्यावर ‘थांबलेलं बरं’ या समजुतीखाली उरतं काय?

दुसरीकडे एक चांगला बदल झाला, त्याची चर्चा मात्र कमी. ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांच्या अपडेटची हमी मिळाली. ते फोन महाग. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये १८,९९९ रुपयांच्या गॅलेक्सी ए१६ ५जी लाही सहा वर्षांची हमी आली. आज खोलीभाड्यापासून चहापर्यंत सगळं यूपीआयवर चालतं, तेव्हा फोनचं वय रॅमवर नाही, सुरक्षा अपडेटवर मोजायला हवं.

म्हणून माझा निकाल असा: हातातला फोन अपडेट घेतोय, पैसे पाठवताना हँग होत नाही आणि बॅटरी पाळीभर पुरते, तर काहीही येवो, घेऊ नका, फक्त बॅटरी गेली असेल तर ती बदला. यातलं काही संपलं असेल तर दसऱ्याची, नव्या चिपची, कर उतरण्याची वाट पाहू नका. गेल्या वर्षीचं मॉडेल घ्या. आणि दुकानात रॅम किती हे विचारण्याआधी विचारा, ‘याचे सुरक्षा अपडेट कोणत्या साली संपतात?’ उत्तर येत नसेल, तर शेजारच्या दुकानात जा.