बोनस मिळाला, आता शेठला काय म्हणायचं?

श्रावणी अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या गोठ्यात डोकावून पाहा. शेतमालक हळद-तूप घेऊन बैलाचा खांदा चोळत बसलेला दिसेल. वर्षभर जू वाहिलेला हाच तो खांदा. याला खांदशेकणी म्हणतात. मग बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं रीतसर आवतण द्यायचं. पोळ्याच्या दिवशी शिंगांना बेगड, पाठीवर झूल, नवी वेसण, नवा कासरा, पुढ्यात पुरणपोळी. पोळा फुटला की गडी ती जोडी घरोघर फिरवतो. पूजा झाली की त्याच्या हातावर पैसे ठेवले जातात, त्याला बोजारा म्हणतात. धन्याकडून नवे कपडे मिळतात ते वेगळेच.

या साऱ्यात ‘धन्यवाद’ हा शब्द कोणी उच्चारत नाही. तरी आभाराचा एवढा मोठा सोहळा आपल्याकडे दुसरा नाही. आणि नवल म्हणजे त्यात वाकतो तो मालक! राबणारा ताठ उभा असतो. दिवाळीचा बोनस खात्यात पडल्यावर ‘साहेबांचे आभार कसे मानू?’ म्हणून डोकं खाजवणाऱ्यांनी एवढं आधी ध्यानात घ्यावं.

कारण प्रश्न शिष्टाचाराचा वाटला तरी त्याच्या मुळाशी दुसराच प्रश्न आहे: बोनस ही भेट आहे की देणं? त्याचं उत्तर मिळायला या देशात जवळजवळ पन्नास वर्षं लागली, आणि ती लढाई झाली कापसाच्या धंद्यात. खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची नामांकित पेठ. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो या कापसासाठीच. वऱ्हाडचा कापूस काही इंग्लंडला जाई, काही मुंबईच्या गिरण्यांत. पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई भडकली, तेव्हा १९१७ मध्ये त्या गिरण्यांच्या मालकांनी मजुरीवर दहा टक्के ‘युद्ध बोनस’ दिला. पुढे युद्ध संपलं, नफा चांगला होता, आणि काही वर्षं दरसाल एका महिन्याची मजुरी बोनस म्हणून मिळत राहिली. कामगार ती धरूनच चालले. १९२३ चा बोनस मात्र मालकांनी नाकारला.

१९२४ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्या थंडावल्या. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅकलॉड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने निर्वाळा दिला की कायदा, रूढी, न्यायबुद्धी, कुठल्याच आधारावर बोनसवर कामगारांचा हक्क पोचत नाही. म्हणजे १९२४ साली बोनस ही अधिकृतपणे मालकाची मेहरबानी होती. तेव्हा हात जोडणं ओघानेच आलं.

पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, तिकडे फ्रान्समध्ये मार्सेल मॉस या समाजशास्त्रज्ञाचा भेटवस्तूंवरचा गाजलेला निबंध आला. फुकटची भेट अशी जगात नसतेच, प्रत्येक भेट परतफेडीचं ओझं ठेवून जाते, हे त्याचं सूत्र. निबंधाच्या शेवटी तो कामगाराकडे वळतो. कामगाराने आपलं आयुष्य आणि श्रम दिलेले असतात, नुसती मजुरी चुकती केल्याने ते ऋण फिटत नाही, असं तो म्हणतो. गिरणगावातल्या कोणी तो वाचला असण्याची शक्यता शून्य. पण भांडण नेमकं तेच होतं.

उत्तर हळूहळू बदललं. मुंबईच्या गिरण्यांच्याच एका तंट्यात १९५० मध्ये कामगार अपील न्यायाधिकरणाने नफ्यातल्या वाट्याचं सूत्र बांधून दिलं. १९६१ मध्ये एम. आर. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग बसला आणि १९६५ मध्ये बोनस प्रदान अधिनियम आला. तिथून बोनस मेहरबानीच्या खात्यातून उठला तो कायमचा. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने त्या कायद्याची जागा घेतली आहे, पण गाभा तोच.

त्या गाभ्यातला एक आकडा मला फार आवडतो: ८.३३ टक्के. किमान बोनस एवढा. असा तुटका आकडा कोणाच्या डोक्यातून निघाला असेल? शंभराला बाराने भागा. वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे बरोबर एक महिना! गिरणी कामगार ज्या एका महिन्यासाठी १९२४ मध्ये हरले, तोच दशांश चिन्ह लावून कायद्यात बसला आहे. १९६५ मध्ये किमान बोनस चार टक्केच होता. सत्तरीच्या सुरुवातीला ८.३३ झाला, आणीबाणीत पुन्हा चारवर आला, १९७७ मध्ये परत चढला. कमाल मर्यादा वीस टक्के.

दुसरी गंमत मुदतीची. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस द्यायचा. ३१ मार्चपासून आठ महिने म्हणजे ३० नोव्हेंबर. मधे अधिक महिना पडून दिवाळी कितीही लांबली तरी ती या मुदतीच्या आतच येते. कामगार बोनस कोणत्या कारणांनी गमावतो, तेही कायद्याने सांगून ठेवलं आहे: फसवणूक, कामाच्या जागी दंगा, चोरी, अफरातफर, तोडफोड. संहितेने त्यात लैंगिक छळाच्या गुन्ह्यातली शिक्षाही घातली. आभार न मानणं या यादीत नाही.

तेव्हा खामगाव किंवा मलकापूरच्या एमआयडीसीतल्या कामगाराने मोबाइलवर बँकेचा मेसेज आल्यावर साहेबांना भाषण द्यायची गरज नाही. कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्या चाळीस चित्रांची माळ लागते, त्यात एकेचाळिसावं नसलं तरी चालतं. आभार मानायचेच तर हिशेब विभागातल्या त्या माणसाचे माना, ज्याने तुमचा चुकलेला खाते क्रमांक वेळेत दुरुस्त केला.

पण हा कायदा लागतो किमान वीस माणसं असलेल्या आस्थापनेला. आणि आपल्या जिल्ह्यात खामगावच्या सराफ्यातलं चांदीचं दुकान घ्या, चिखलीची अडत घ्या की मेहकरचं कापड दुकान, नोकर असतात पाच-सात. तिथे लक्ष्मीपूजनाला वहीपूजन झालं, बत्तासे वाटले की शेठ गल्ल्यातून एकेक पाकीट काढतात. नवा पोरगा पाकीट कपाळाला लावून पाया पडतो. जुने दिवाणजी मात्र नुसते ‘हो’ म्हणून ते खिशात घालतात, उघडून बघत नाहीत. शेठही त्यांच्याकडे बघत नाहीत. हे पाकीट खरोखर मनाचं असतं, म्हणून आभारही इथेच शोभतात. कसे? त्याच वेळी चारचौघांत नकोत. पाडव्यानंतर दुकान उघडलं की, गिऱ्हाईक नसताना, एका वाक्यात सांगावं, “शेठ, पोरीच्या फीचं काम झालं बरं त्या पैशात.” पैशाने काय केलं ते कळलं की देणाऱ्याला दुसरं काही ऐकायचं नसतं. त्याच दमात पुढच्या वर्षीचा विषय काढू नये, आणि शेजारच्या दुकानात रक्कम सांगत फिरू नये.

तिसरा प्रकार अंगणवाडी सेविकांचा. त्यांना बोनस नाही, राज्य सरकारकडून ‘भाऊबीज भेट’ मिळते, अलीकडे दोन हजार रुपये. सरकार इथे भाऊ झालं आहे. आता या भावाला ओवाळायचं तर तबक घेऊन थेट मंत्रालय गाठावं लागेल! मला विचाराल तर वर्षभर गावाची पोरं सांभाळणाऱ्या बाईला दोन हजार देऊन आभाराची अपेक्षा भावाने करूच नये.

राहता राहिले ते, ज्यांच्याकडे वीस किंवा जास्त माणसं आहेत आणि ‘यंदा धंदा नव्हता’ एवढं सांगून जे मोकळे होतात. तोटा झाला म्हणून ८.३३ टक्क्यांचा किमान बोनस आपोआप टळत नाही. ३० नोव्हेंबर उलटूनही पैसे आले नाहीत, तर बुलढाण्याला सरकारी कामगार अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे. तिथे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.