दोन खानेसुमाऱ्यांमधील मूल

अमेरिकेतील जुन्या वसाहतकारांची वंशावळ लावू पाहणारास खानेसुमारीचे कागद धुंडाळावे लागतात. १८५० पूर्वीच्या कागदांत कुटुंबप्रमुखाचे तेवढे नाव. बायकामुलांचे नुसते आकडे! पुढे सर्वांची नावे आली. तथापि खानेसुमारी दहा वर्षांनी एकदा. लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर हिच्या माहेरचेच पाहा. हे कुटुंब १८७० साली कॅन्ससमध्ये व १८८० साली डकोटात नोंदलेले आढळते. दोन्हीकडे अपत्ये म्हणून मुलीच. परंतु मध्यंतरी, १८७५ च्या नोव्हेंबरात, मिनेसोटात चार्ल्स फ्रेडरिक हा मुलगा जन्मला व पुढल्याच ऑगस्टात वारला. बिचाऱ्यास लॉराने आपल्या कादंबऱ्यांतूनही वगळले. तिने १९३० च्या सुमारास लिहिलेल्या आत्मवृत्तात मात्र तो आहे. ते २०१४ साली छापून निघाले.